पडद्यामागचा पलंग

ज्याचा चेहरा आपण कधी समोर पाहिलेला नाही, अशा दूरच्या माणसावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न आज प्रत्येकाच्या दाराशी येऊन उभा आहे. विश्वास ठेवावा तर नागवले जाण्याचे भय. न ठेवावा तर एखाद्या निरपराधाला चोर ठरवल्याचा दोष. सावध राहणे हे शहाणपणाचेच अंग आहे, यात संदेह नाही. परंतु सावधपणाचाही भार कोणाला तरी वाहावा लागतो, आणि तो बहुधा प्रामाणिक माणसाच्याच खांद्यावर येतो.

वजनमापांचे एक निवृत्त निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी दुकानादुकानांतले काटे तपासण्यात घालवला. वर्दी न देता दुकानात शिरायचे आणि सर्वांत आधी पारड्याखाली हात फिरवायचा, हा त्यांचा शिरस्ता. दुकानदाराच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, हा दुसरा. पहिल्याने त्यांना लौकिक दिला, दुसऱ्याने एकटेपण. बाजारात त्यांना सगळेच ओळखत, पण ते दिसले की गप्पा थांबत. पत्नी होती तोवर याची टोचणी लागली नाही. ती गेल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत दुपारचा एकच कप विसळताना टोचणी लागू लागली.

त्या खोल्याही आता सोडायच्या होत्या, कारण मालकाला इमारत पाडायची होती. लेक आपल्याकडे बोलावत होती. तिची माया खरी होती. मात्र तिच्या घरात मोकळी जागा होती ती जिन्याखाली, जावयाची सायकल आणि मुलांची खोकी यांच्या मधोमध. निरीक्षकांच्या मनात निराळेच होते. एका जुन्या सहकाऱ्याची गावाबाहेर मोकळी जागा होती, तिथे नळ होता, आणि एखादी जुनी मोटरहोम, म्हणजे राहती गाडी, उभी करायला त्याची ना नव्हती. आत पलंग, ओटा, न्हाणी. एका जिवाला एवढे पुष्कळ. निवृत्तीची पुंजी एकदाच गाडी घेण्याइतकी होती. ती बुडाली, तर जिन्याखालचीच जागा.

जाहिरातीत मनासारखी गाडी सापडली ती फार दूरच्या शहरातली. गुडघ्यांमुळे तिथवर जाणे त्यांना शक्य नव्हते. विकणारी होती पडदे शिवणारी एक विधवा बाई. लेकीने बजावले की भाव फार कमी असेल, विकणारा आगाऊ रक्कम मागेल, दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे असल्याचे सांगेल, तर फोन ठेवून द्यायचा. बाईंनी यातले काहीच केले नाही. उलट त्याच सावध होत्या. पैसे भरल्याची खोटी पावती दाखवायची आणि माणसे धाडून गाडी उचलून न्यायची, असे प्रकार चालतात, हे त्यांच्या बहिणीने त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितले होते. घरचे एक अक्षर बोलायचे नाही, असेही तिने शिकवले होते. निरीक्षकांनाही लेकीची तीच ताकीद होती. त्यामुळे दोघे बोलत ते केवळ गाडीविषयी.

छायाचित्र जुने नसावे म्हणून निरीक्षक रोज एक शब्द सुचवत, आणि बाई तो कागदावर लिहून गाडीपुढे धरून छायाचित्र पाठवत. एकदा त्यांनी चांगलाच जोडाक्षरी शब्द दिला, तेव्हा बाई म्हणाल्या की उद्या सोपा द्या, माझे अक्षर गाडीहूनही जुने आहे. पुढे व्हिडिओ फोनवरच त्यांनी चासीचा नंबर दाखवला. तो नोंदणी कार्यालयातून पडताळून झाला, मालकी बाईंच्याच नावावर निघाली. शेगडी पेटवून झाली, नळ सोडून झाले, टायरही पाहून झाले. चालकाची बैठक खोल बसली होती आणि शेजारची जवळजवळ नवी होती. शेजारी बसणारी बाई सदैव मागे ओट्यापाशी उभी असणार, हे निरीक्षकांनी मनाशीच ओळखले. विचारले मात्र नाही. फोनची वेळ संध्याकाळची. त्या वेळी ते चहा करून बसू लागले. प्रश्न संपत आले होते, म्हणून ते आता पुरवून पुरवून विचारत.

एकच गोष्ट दिसली नव्हती. गाडीच्या मागच्या भागात निळा पडदा होता, आणि फोन तिथवर आला की बाई वळत. निरीक्षकांनी विचारले, तेव्हा पलंग आहे, दुसरे काही नाही, एवढेच उत्तर आले. पुन्हा विचारले, तर पुढच्या वेळी दाखवते म्हणाल्या. पुढची वेळ आली आणि गेली. पारड्याखाली फिरणारा हात जागा झाला. लेक म्हणाली की तिथेच पाणी मुरत असणार, बाबा, नाद सोडा.

त्यांनी नाद सोडला नाही. बाईंच्याच शहरात अशा गाड्या दुरुस्त करणारा एक मेकॅनिक त्यांनी शोधला, त्याचे शुल्क भरले आणि त्याला, न कळवता, थेट बाईंच्या फाटकाशी पाठवले. सांगून गेले की काटा बरोबरच दिसतो, हे त्यांच्या हाडीमासी खिळले होते.

मेकॅनिकचा फोन आला तो वैतागूनच. बाई फाटक उघडत नव्हत्या. आतून पोलिसांना बोलावीन म्हणत होत्या, शेजारी गॅलरीत जमले होते, आणि जन्मात पहिल्यांदाच आपल्याकडे कोणी चोर म्हणून पाहते आहे, असे तो म्हणाला. लेकीने हे ऐकले आणि हात झटकले.

"झालं ना समाधान? आता तरी मोकळे व्हा, बाबा."

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहावर साय धरली. निरीक्षकांनी स्वतः फोन लावण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. झडतीनंतर दुकानदाराला काय म्हणायचे असते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मग एके दिवशी, भलत्याच वेळी, बाईंचाच फोन आला.

"साहेब, सांगून माणूस पाठवला असता, तर मी त्याला चहा केला असता. न सांगता कोण येतं, ते मला बहिणीनं शिकवलंय."

मग बाई हळू बोलू लागल्या.

"त्या पडद्यामागे आमचे हे झोपायचे. दम लागायचा, घरात डोळा लागत नसे, गाडीत लागायचा. तिथेच गेले. तेव्हा पडदा ओढला तो ओढलाच. आत काय मुरतंय, मला खरंच ठाऊक नाही. न बघता विकतेय. याला फसवणूक म्हणायची तर म्हणा."

इतक्या वर्षांत हजार सबबी त्यांनी ऐकल्या होत्या. स्वतःचा काटा स्वतःच उचलून पुढे ठेवणारे कोणी भेटले नव्हते.

"बाई, चूक माझी. मी दुकानात शिरल्यासारखा शिरलो. ते तुमचं घर होतं."

तरीही पडदा उघडावा लागेल, हेही त्यांनी सांगितले. आपल्याला राहायला दुसरी जागा नाही, हे घरचे अक्षर त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून गेले. करुणा म्हणजे डोळे मिटून पुंजी ओतणे नव्हे, हे बाईंनाही मान्य होते. त्यांची अट एकच होती.

"उघडते. पण तुम्ही फोनवर राहा."

ठरल्या दिवशी मेकॅनिक आला, त्याला चहा मिळाला. बहिणीने फोन धरला. पडदा बाईंनी स्वतः सरकवला. पलंग, घडी न केलेली शाल, उशीला डोक्याचा खळगा. बाईंनी शालीची घडी केली आणि त्या बाजूला झाल्या. मेकॅनिकने भिंतीवर अंगठा दाबला, अंगठा रुतला. खिडकीच्या चौकटीतून पाणी आले होते. गाडी उत्तम आहे, पण ही भिंत बदलावी लागेल, असे त्याने सांगितले. बहीण पुटपुटली की झालं, आता भाव पाडणार. निरीक्षक अर्धा खर्च सोसायला तयार झाले, तर बाई म्हणाल्या की दोष माझ्या गाडीत आहे, माप बरोबर राहू द्या. भिंतीचा खर्च पुरता वजा झाला.

रक्कम बँकेने मध्यस्थ म्हणून राखून ठेवली; भिंत बदलून, कागद नावावर होऊन गाडी दारी पोचली, तेव्हाच ती बाईंना मिळाली. निरीक्षकांनी गाडी सुखरूप आल्याचे कळवले. बरं झालं, एवढेच उत्तर आले. लेक मुलांना घेऊन आली, तिने सगळे कप्पे उघडून पाहिले, बापाच्या हट्टापुढे हरल्याचे हसून कबूल केले आणि निघून गेली.

मग संध्याकाळ झाली. निरीक्षक फोन घेऊन बैठकीवर बसले. गाडीखेरीज दुसरे काही बोलण्याची सवय दोघांनी कधी लावून घेतली नव्हती. गाडीत एखादा दोष सापडतो का, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच आशेने पाहिले. नळ गळत नव्हता. दिवे लागत होते. दार अलगद बसत होते.

दूरच्या त्या रिकाम्या अंगणाकडे उठल्याबरोबर जिची नजर जाईल, तिला अंतरीची शांती लाभो. ज्याला विचारण्यासारखे काही उरले नाही, त्याला विचारल्यावाचून बोलण्याचे धैर्य येवो. आणि त्या नव्या भिंतीपाशी जो कोणी झोपेल, त्याचा श्वास सुखाने चालो.