काचेची खाज

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, तळहाताएवढ्या जागेत, वर्षभर खाज. हात वरून पोचत नाही, खालून पोचत नाही. दाराच्या चौकटीवर पाठ घासली, पक्कड वापरली, एकदा तर तारेचा ब्रशसुद्धा. रक्त आलं, पण खाज काही हटेना.

आम्ही दोघे भाऊ बॉयलरच्या पायपांना ग्लासवूल गुंडाळतो. काचेचा कापूसच तो, अंगात घुसला की खाजवून जीव जातो. म्हणून घरात नियम: कामाचे कपडे वेगळ्या बादलीत. कपडे धुतो धाकटा. मग खाज कुणामुळे? सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"आईची शपथ दादा, बादल्या कधी एक केल्या नाहीत," तो म्हणायचा.

"मग मला काय भुतं चावतात?"

एका दुपारी शिडीवर असताना खाज अशी उठली, की डोळ्यांत पाणी आलं. खाली हा शीळ घालत पत्रा कापतोय! माझं डोकंच फिरलं. उतरलो, मानगूट धरली आणि हाणला. ओठ फाटला. म्हणे, "नाही केलं." पोटात लाथ घातली. "नाही केलं, दादा." मला आणखीच चेव आला. केस धरून तोंड पत्र्यावर आपटलं. ताजी कापलेली कड डोळ्यात घुसली. डोळा काढावा लागला.

घरी सांगितलं, शिडीवरून पडला. त्यानेही तेच सांगितलं.

तो दवाखान्यात असतानाच बायकोने मला डॉक्टरीणबाईंकडे ढकललं. त्यांनी पाठ पाहिली, मणके दाबले, फोटो काढला.

"कातडीत काही नाही. मणक्यापाशी नस दबलेली दिसते. मणक्याची झीज, जुना मार, वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर ओझं, कशानेही होतं. दुखणं नसेत, खाज पाठीवर."

"आणि काच?"

"काचेने एवढ्याच जागेत वर्षभर कशी खाज येईल?"

तसाच धाकट्याकडे दवाखान्यात गेलो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याचे पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं.

पट्टी बांधलेलं तोंड त्याने माझ्याकडे वळवलं. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

तोंडून निघालं, "काच सापडली."

त्याने हात जोडले. "मग माझीच चूक, दादा. माफ कर."

"जाऊ दे," मी म्हणालो. "केलं माफ."