तिच्या हातचा पाव

तात्यारावांनी सुतळीची दुसरी गाठ आवळली आणि कादंबऱ्यांचा गठ्ठा वर्तमानपत्रांच्या रद्दीवर ठेवला. एकंदर अकरा पुस्तके होती. कुठल्या मुखपृष्ठावर काळा झगा, कुठे पांढराफटक चेहरा, तर कुठे ओठांच्या कडेला रक्ताचा थेंब. रद्दीवाला दहाला येणार होता.

रविवार असल्यामुळे दीक्षाला खराडीच्या कंपनीची बस गाठायची नव्हती. ती दात घासत बाहेर आली आणि गठ्ठा पाहून थबकली.

"बाबा, ही माझी पुस्तकं आहेत."

"भुताखेतांची आहेत. तीस वर्षं गावोगाव लिंबातून रक्त काढून दाखवतो, त्यातली हातचलाखी समजावून सांगतो. आणि माझ्याच घरात चेटकिणी?"

"म्हणून जाळणार?"

"जाळतोय कुठे? विकतोय."

दीक्षा भांडली नाही. चूळ भरून परतली, सुतळीखालून वरचे पुस्तक ओढून काढले आणि वडिलांसमोर स्टुलावर बसली.

"एक पान ऐका. मग खुशाल विका."

तात्यारावांचे इंग्रजी कारखान्याच्या हजेरीपत्रकापलीकडे कधी गेले नव्हते. दीक्षा वाचत वाचत मराठीत सांगू लागली. परदेशातले एक मोठे शहर. तिथे एक चेटकीण बेकरी चालवते. रक्तावर जगणारा, तीनशे वर्षांचा एक तरुण रोज संध्याकाळी येऊन पाव घेऊन जातो. खात मात्र नाही.

"खात नाही, तर घेतो कशाला?"

"प्रेमात आहे, बाबा."

"मग तसं सांगावं. पावाची नासाडी कशाला?"

दीक्षा हसली. तात्याराव हसले नाहीत.

"ती चेटकीण आहे, हे लोकांना ठाऊक आहे?"

"सगळ्या शहराला. पाटीच लावलीय तिनं. सकाळी दुकानासमोर रांग असते."

"तिच्या हातचं खातात?"

"हो. का?"

तात्यारावांची दृष्टी बुद्धमूर्तीशेजारच्या तसबिरीवर गेली. कांताबाई, त्यांची आई. पदर घट्ट ओढून, हात त्याखाली दडवून बसलेली.

"आपण गाव का सोडलं, असं तू विचारायचीस."

"नोकरीसाठी. तुम्हीच सांगितलंत."

"शेजारचं पोर तापानं गेलं. आदल्या दिवशी आईनं त्याला भाकरीचा तुकडा दिला होता." उजव्या भुवईवरच्या जुन्या व्रणावरून त्यांनी अंगठा फिरवला. "दगड तिच्यासाठी होता. मी मध्ये आलो. आठ वर्षांचा होतो."

दीक्षाने पुस्तक मिटले. बोट मात्र पानातच राहिले.

"इथे कर्वेनगरला आल्यावर तिनं शेजारी कधी वाटीभर खीरसुद्धा पाठवली नाही. लोक म्हणायचे, कांताबाईंचा हात आखडता. म्हणू दिलं."

जिन्यात पावले वाजली. तात्याराव उठले. त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला, वर्तमानपत्रे तेवढी उंबऱ्याबाहेर सरकवली आणि रद्दीवाल्याच्या काट्याकडे न पाहता पैसे खिशात घातले. मग ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

"त्या रांगेत कोण कोण होतं," त्यांनी विचारले, "ते लिहिलंय का?"