अपीच आणि भामाबाईंचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. इतका जुना, की खुद्द इंग्रजांनीही मला अडगळीत टाकले. माझे नाव ‘अपीच’. मी क्रियापद आहे आणि माझा अर्थ एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप करणे. माझे मूळ लॅटिनमधल्या पायबेडीच्या शब्दात आहे. राजद्रोहासारख्या भारी आरोपांना मी लागायचो, तेव्हा काय माझा तोरा! पुढे माझा भाऊबंद ‘इंपीच’ वरचढ ठरला. तो अजून बातम्यांत मिरवतो आणि मी ‘अप्रचलित’ असा शिक्का कपाळी घेऊन शब्दकोशात पडलो. खोटे कशाला बोलू, वाईट वाटते.

माझा शब्दकोश हर्सूलकडच्या एका नव्या कॉलनीत, निवृत्त वकील नानासाहेबांच्या खिडकीत असतो. शेतांचे प्लॉट झाले, घरे उठली, पण नळाला पाणी आले नाही. त्यात दुष्काळ. टँकर रात्री कॉलनीच्या हौदात रिता व्हायचा आणि सकाळी सगळे तिथे पाणी भरायचे. उन्हात कोण उभे राहणार? म्हणून माणसांऐवजी हंडेच रांगेत लागत. रांगेतल्या हंड्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा तिथला कायदा.

एका सकाळी हौद निम्मा रिकामा निघाला. पाणी चोरीला गेल्याची कुजबुज झाली आणि हौदामागेच पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या भामाबाईंचा हंडा रांगेबाहेर दिसला.

“माझा हंडा कुणी काढला?” त्यांनी विचारले. सगळे आपापले हंडे भरत राहिले. त्या दिवशी त्यांच्या घरी पाणी नव्हते.

दुपारी नानासाहेब शब्दकोडे सोडवताना माझ्यापाशी थांबले. किती वर्षांनी अंगावरून बोट फिरले! ते सून मीनाक्षीला रंगून सांगू लागले, “आरोप करणाऱ्यानं उभं राहावं, नाव घ्यावं, गुन्हा सांगावा. असा भारदस्त शब्द आहे हा!”

“बाबा, भामाबाईंचा हंडा तुम्हीच काढलात ना?” मीनाक्षी म्हणाली. “तेव्हा कोण उभं राहिलं होतं?”

नानासाहेबांनी शब्दकोश मिटला. मी घाबरलो.

दुसऱ्या सकाळी हौदाकडून त्यांचा आवाज खिडकीत आला. “भामाबाई, हंडा मी काढला. हौदातलं पाणी तुम्ही चोरलं, असा माझा आरोप आहे. तुमचं काय म्हणणं आहे?”

“व्हय का? अहो साहेब, माझ्याकडं एक हंडा अन् एक कळशी. अर्धा हौद मी लपवू कुठं?”

हशा पिकला. मग कुणीतरी टॉर्च घेऊन हौदात उतरले. हौदाभोवतीची काळी माती दुष्काळात सुकून भेगाळली होती आणि तिच्याबरोबर हौदाची भिंतही तडकली होती. पाणी तिथूनच जात होते.

नानासाहेबांनी भामाबाईंचा हंडा उचलून रांगेत पहिला ठेवला. “चुकलो मी,” ते म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या. आधी भेग बुजवा.”

संध्याकाळपर्यंत सिमेंट लागले.

मित्रांनो, आपला वापर व्हावा असे कोणत्या शब्दाला वाटत नाही? तरी सांगतो, मला जपून वापरा. संशय आला तर समोर जा, नाव घेऊन बोला आणि उत्तर ऐकायला थांबा. मुकाट्याने बाजूला काढलेला हंडा काही बोलू शकत नाही. माणूस बोलतो.