साबणाचे हात

"अहो, आधी पंप बंद, मग झाकण. आठवतंय मला. डोळे नका वटारू," ती म्हणाली आणि माशांच्या टाकीमागे वाकून तिने फिल्टरचा डबा ओढून काढला. भपकन वास आला. पलंगावरून नवऱ्याची नजर डब्यावर खिळली. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा बसली होती. नजर मात्र ठणठणीत होती. नेमकी तीच वाचावी हे तिचं नशीब.

तो दवाखान्यात असताना शेजारीण येऊन माशांना खाणं टाकून जायची, पण फिल्टरला कुणी हात लावला नव्हता. सकाळी तिने काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले, तर पाणी पिवळं राहायचं सोडून हिरवं झालं. हिरवं म्हणजे पाण्यात विष चढतंय, एवढं तिला कळत होतं. दर रविवारी हा कार्यक्रम ती बघत आली होती. लांबून.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याला खूश करायला तिने फिल्टरचा स्पंज कपड्यांच्या पावडरीने घासघासून पांढराशुभ्र केला होता. तो घरी आला तेव्हा सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. "अगं, त्या मळावरच तर पाणी जगतं!" तो ओरडला आणि पुढे आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. नंतर एकच वाक्य तिला जन्मभर पुरलं: "हात लावू नकोस. तुझ्या हाताला साबण असतो." असायचाच. त्याची ताटं, त्याचे शर्ट, त्याच्या आजारी आईची अंथरुणं. साबण काय ती हौसेने लावून घेत होती?

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई काल सांगून गेल्या होत्या, "काकू, त्यांच्या आवडीचं काम त्यांच्यासमोर करा. जीभ सुटेल. बरेचदा पहिला शब्द रोजच्या सवयीचाच असतो."

रोजच्या सवयीचा शब्द! तो तिला ठाऊक होता. चहा हवा, अगं. चष्मा सापडेना, अगं. त्या हाकेने पूर्वी तिचं डोकं उठायचं. आता घर इतकं गप्प होतं की तिला तेवढंच हवं होतं. प्रेमाचं नको, आभाराचं तर नावच नको, नुसतं 'अगं'.

"ताई, ते मासे देऊन टाक कुणाला तरी," धाकटी बहीण मघाशीच फोनवर म्हणाली होती. "तुझ्या जिवाला व्याप कमी आहेत का?"

"देईन गं. आधी हे बोलू देत."

बादलीत टाकीचंच पाणी काढून तिने त्यात स्पंज बुडवला. "हे बघा, नळाखाली नाही धरला. हलक्या हाताने पिळतेय. थोडा मळ राहू देते, बरोबर ना?"

"अ... अ..."

तिचे हात थांबले. "हां, बोला. अ... पुढे?"

पुढे काही नाही. तिने स्पंज बसवला, डबा भरला, झाकण लावलं. काल भरून ठेवलेलं पाणी टाकीत ओतलं. पाणी ओढणारी नळी सुटून तळाशी आडवी झाली होती. ती लावायला टाकीत हात घालणं भाग होतं. तिने बाही वर सारली.

"अ... अ!" त्याने डावा हात उचलला. तिलाच बोलवत होता.

ती पलंगाच्या काठावर बसली. त्याने तिचं मनगट धरलं. असं कधी धरलं होतं, तिला आठवेना. तो तिचा हात ओढत ओठांपाशी घेऊन गेला. "अहो, राहू द्या," ती या वयात चक्क लाजून म्हणाली. त्याचा श्वास तिच्या बोटांना लागला. एकदा. मग पुन्हा, जरा खोल. मग त्याने हात उलटा करून बोटांच्या बेचक्यांचा वास घेतला.

"साबण... नाही," तो म्हणाला. अगदी स्पष्ट.

आणि हात सोडून पुन्हा टाकीकडे बघू लागला.

ती उठली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. नळी जागेवर बसली तेवढ्यात पुन्हा बहिणीचा फोन आला.

"काय गं, बोलले का?"

"बोलले."

"खरंच? काय म्हणाले?"

तिने निथळणाऱ्या हाताकडे पाहिलं.

"अगं म्हणाले," ती म्हणाली आणि पंपाचं बटण दाबलं.