गावच्या पाण्याचे दात

सगळ्या जगाला नकोशी झालेली मास्कची दोन वर्षं प्रियंकाला मात्र सुखाची गेली. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती मागच्या खोलीत बसून रिपोर्ट टाइप करायची. त्या दोन वर्षांत माणसं कमी पडली म्हणून तिला पुढच्या काउंटरवर बसवलं, आणि पेशंट म्हणायला लागले, ही बाई किती छान बोलते. मग मास्क उतरले. आठवड्याभरात लॅबच्या नंदकुमार सरांनी तिला परत मागे पाठवलं. "रिपोर्टचं काम तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही गं," ते म्हणाले. खरं कारण तिला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी एका चिमुरडीने काउंटरवर हनुवटी टेकून विचारलं होतं, "आंटी, तुम्ही ब्रश नाही करत?"

ब्रश ती दिवसातून तीनदा करायची. तरी दात तपकिरीच, चट्टे पडलेले. यवतमाळकडच्या तिच्या गावात सगळ्यांचेच तसे होते. बोअरचं पाणीच तसलं. आईचे तसे, थोरल्या कमलताईचे तसे, पोलीस पाटलाचेही तसेच. आई गेल्यावर कमलताईने तिला वाढवलं आणि चौदाव्या वर्षी शिकायला विक्रोळीला मामाकडे धाडलं. इथल्या शाळेत पहिल्याच दिवशी तिला कळलं, की आपल्या तोंडात काहीतरी चुकलेलं आहे. तेव्हापासून ती ओठ मिटून हसायला लागली. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा, चैतन्य, बत्तीशी दाखवतोय आणि ही शेजारी कोणीतरी रागावल्यासारखी उभी आहे.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिने मनाशी ठरवलं आणि दातांच्या डॉक्टरकडे गेली. "नुसतं व्हाइटनिंग करून भागणार नाही," डॉक्टर रुचिरा म्हणाल्या. "लहानपणीच्या पाण्यातलं फ्लोराइड आहे हे. दात आतूनच तसे घडलेत. वरचा थर घासू, औषधाने उजळवू, आणि उरलेल्या डागांवर लेप चढवू."

"मला तर काही प्रॉब्लेम नव्हता यार," चैतन्य म्हणाला.

"तुला नव्हता," ती म्हणाली.

चार वेळा ती त्या खुर्चीत आडवी झाली. गार पाण्याने कळ डोक्यापर्यंत जायची. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी हातात आरसा दिला, तेव्हा आधी तिने सवयीने ओठ मिटले. मग हळूच उघडले. रिक्षात बसल्यावर ती उगाचच रिक्षावाल्याशी बोलत राहिली, हसत राहिली. महिन्याभरात सरांनी स्वतःहून तिला काउंटरवर बसवलं. बायकांच्या ग्रुप फोटोत ती मधे उभी राहायला लागली. आरशासमोरून जाताना थांबायला लागली.

दिवाळीनंतर कमलताईचा फोन आला. पाठ धरली होती, मान वळत नव्हती. तिकडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. "ये इकडे, मोठ्या हॉस्पिटलात दाखवू," प्रियंका म्हणाली आणि तिला घ्यायला कल्याणला गेली.

ताई डब्यातून एक एक पाय टाकत उतरली. त्रेचाळीसची बाई, साठीची दिसत होती. प्रियंकाला पाहून ती नेहमीसारखी तोंडभरून हसली. प्रियंकाही हसली. आणि ताईचा हात पदराकडे गेला. पदर तोंडावर आला.

"वळखूच नाई येऊन राहिली तू," ती पदराआडून म्हणाली. "लई झ्याक झाले दात."

घरी चैतन्यला "जय भीम जावईबापू" म्हणतानाही पदर तसाच. प्रियंकाला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. या दोघी बहिणी एकत्र आल्या, की तोंड उघडं टाकून, पोट धरून हसायच्या. जगात या एकाच माणसापुढे प्रियंकाने कधी ओठ मिटले नव्हते. आता तीच बहीण तिच्यासमोर भिंतीकडे तोंड करून जेवत होती.

"ताई, तुझेही करून घेऊ," चौथ्या दिवशी तिने विषय काढला. "माझ्याच डॉक्टरकडे."

"मले कुठं काउंटरवर बसाचं हाय?"

"मग पदर कशाला धरतेस माझ्यासमोर?"

कमलताई भाजी निवडत राहिली. "मले बी समजून नाई राहिलं बाई," ती म्हणाली. "हात आपसूकच जाते. तुह्याकडं पाहिलं की मले माह्ये दात दिसते."

प्रियंका तिथून उठली आणि नळ सोडून भांडी घासत बसली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. मणके एकमेकांना चिकटत चालले होते. "गावात पाणी कुठलं पिता?" त्यांनी विचारलं. मग प्रियंकाकडे वळून म्हणाले, "दातांवर दिसतं तेच फ्लोराइड हाडांत गेलंय. दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो. बाकी उपाय नाही. पाणी मात्र बदला."

"तुम्ही कोण यांच्या?" त्यांनी मग विचारलं.

"बहीण. सख्खी."

डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि लिहायला घेतलं.

बाहेर बाकावर प्रियंका म्हणाली, "तू इथंच राहा ताई. नको जाऊस परत."

"न् घर? पोरं? तुले धाडलं ना, तेच लई झालं," कमलताई म्हणाली. बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. प्रियंका गेल्यावरची वीस वर्षं, रोज हंडाभर, तेच पाणी.

आठव्या दिवशी ताई गेली. प्रियंकाने पाणी गाळायचं मशीन सोबत दिलं. पण तसल्या साध्या मशीनने पाण्यातलं फ्लोराइड जात नाही, हे तिला पुढे महिन्याभराने कळलं.

आता दर रविवारी ती फोन करते. पोरांचं, कापसाचं, दुखण्याचं बोलणं होतं. मधेच कमलताई काहीतरी आठवून खदखदून हसते, अगदी पहिल्यासारखी. व्हिडिओ कॉल लावला, तर मात्र उचलत नाही. चार-पाचदा करून पाहिल्यावर प्रियंकाने तो नाद सोडला.