ताटाची डावी बाजू

“लान-मोई कुठं गेली?” युन-फुकने भाताची वाटी हातात धरून सुनेला विचारलं.

लान-मोई कुठेच गेली नव्हती. त्याच्या डाव्या कोपराला कोपर लावून बसली होती, एकेचाळीस वर्षं बसत आली तशी.

“बाबा, आई शेजारीच बसल्यात तुमच्या,” पेई-च्युन म्हणाली.

युन-फुकने उजवीकडे पाहिलं. तिथे रिकामं स्टूल होतं. “थट्टा करतेस होय म्हाताऱ्याची,” तो हसला आणि पुन्हा जेवू लागला. वाटीतला उजवीकडचा भात संपला, त्यावरचं मांस संपलं. डावीकडचा अर्धा सुरीने कापल्यासारखा तसाच राहिला. त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “आज वाढलंय कमी.”

चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात त्याच्या डोक्यातली एक शीर फुग्यासारखी फुगून फुटली होती. पोरगेल्या डॉक्टरणीने मांडीतल्या शिरेतून केसासारखी तार वर चढवली, थेट मेंदूपर्यंत, आणि त्या फुग्यात प्लॅटिनमचं बारीक वेटोळं भरून तो बुजवला. डोक्याला एक टाका नाही! लान-मोई शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेली, पण शिन्पू गावात कुणाच्या शहाणपणाला तिने आजवर मान तुकवली नव्हती. त्या दिवशी मात्र ती डॉक्टरणीच्या हातांकडे पाहतच राहिली. एवढेसे हात! घरी येऊन तिने स्वतःच्या मांडीपासून कपाळापर्यंत बोट फिरवून पाहिलं. केवढा लांबचा रस्ता तो.

“डोळे चांगले आहेत त्यांचे,” डॉक्टरीण म्हणाली होती. “पण डावी बाजू म्हणून काही असतं, हेच मेंदू विसरलाय. तुम्ही डावीकडूनच बोलत राहा. येईल परत. किती येईल, ते मात्र नाही सांगता येत.”

“आई, तुम्ही उजवीकडं बसा ना,” सून त्या अर्ध्या वाटीकडे बघत म्हणाली. “दिसाल तरी त्यांना.”

“मी का हलू? या जागेवरून मला भूकंपानं हलवलं नाही. त्यानं यावं इकडं.”

पेई-च्युनने हळूच वाटी फिरवायला हात पुढे केला.

“ठेव ती! वाटी फिरवू नकोस, माणूस फिरव. आज वाटी फिरवशील, उद्या काय डोंगर फिरवणारेस?”

सून शाळेत शिकवायला निघून गेली. तिच्या स्कूटरचा आवाज वळणाआड गेला, तशी लान-मोईने दाराकडे एकदा पाहिलं आणि वाटी अर्धी फिरवली.

“अरे, हा भात होता की!” युन-फुक म्हणाला आणि पोटभर जेवला.

माणसाला उपाशी ठेवून शिकवायचं, एवढी काही तिची छाती नव्हती. हे सुनेला कळायचं कारण नव्हतं.

बाहेर नवव्या महिन्याचा वारा सुटला होता. कोरडा असा, की हसलं तर दात वाळावेत. हाच वारा पर्सिमनची फळं सुकवतो. तो आहे तोवर घरात कुणी आजारी पडायचं नाही, अशी या घराची रीत. सोलायचं काम लान-मोईचं, बांबूच्या गोल ताटात मांडायचं युन-फुकचं. त्याने फळं देठाकडून धरून मांडायला घेतली, एकसारखी, एकाला एक न चिकटता. बोटं काही विसरली नव्हती. पण ताटाच्या मध्यावर आला की हात थांबे, जणू पुढे कडाच आहे.

“झालं ताट,” तो म्हणाला. समोर अर्धा चंद्र.

कुंपणापलीकडून फान वहिनीने डोकं वर काढलं. “काय गं, यंदा अर्धाच माल?”

“तुझ्या नवऱ्याचं डोकं शाबूत आहे ना? त्यानं मांडलेलं एक तरी ताट दाखव, मग बोल.”

फान वहिनीचं डोकं खाली गेलं.

लान-मोईने सुरीच्या मुठीने ताटाची डावी कड वाजवली. टक टक. “म्हाताऱ्या, इकडं. इकडंही जग आहे.” तीन आठवडे ती हेच करत होती.

“कोण ठोकतंय?” युन-फुकने उजवीकडे विचारलं. मग स्वतःशीच पुटपुटला, “लान-मोई गेली कुठं? फळं कोण सोलतंय मग?”

सुरी थांबली. नाहीच आला तो इकडे तर? तर मग पाहुण्यासारखं उजवीकडच्या स्टुलावर जाऊन बसायचं, स्वतःच्याच घरात, आणि नवऱ्याला आपली ओळख करून द्यायची रोज. तिने पुढचं फळ उचललं आणि तोंड मिटून सोलू लागली. ठोकणं नाही, टोमणा नाही. दुसरं ताट मध्यापर्यंत भरत आलं तरी ती बोलली नाही.

युन-फुकचा हात एक फळ धरून हवेतच थांबला.

मग त्याची मान हलली. हळू, फार हळू. हनुवटी ताटाच्या मध्यापर्यंत आली, तिथे अडली आणि पुढे सरकली. उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या माणसासारखे त्याचे डोळे चाचपडत होते. आधी सालींचा ढीग. मग सुरी. मग तिची रसाने चिकट झालेली बोटं. लान-मोईने श्वास रोखून धरला. ती तार मांडीपासून डोक्यापर्यंत चढली, तो रस्ताही इतका लांब नसेल. बोटांवरून मनगट, मनगटावरून खांदा, आणि मग तिचा चेहरा.

“इथं आहेस होय,” तो म्हणाला. “मग गप्प का? मला वाटलं, घरात काहीतरी बिघडलंय.”

“घसा बसला बोलून बोलून,” ती म्हणाली. आवाज खरंच बसला होता.

त्याने हात लांबवला, आणखी लांबवला, आणि हातातलं फळ ताटाच्या डाव्या कडेला, अगदी तिच्या गुडघ्यासमोर ठेवलं. मग मान आपोआप उजवीकडे वळली. “झालं ताट.”

दुपारी सून परतली, तेव्हा ते ताट तसंच होतं. उजवीकडे दाटी, मधे रिकामं, आणि पार डाव्या कडेला एकटं एक फळ.

“आई, भरून टाकू का मधली जागा?”

“हात लावू नकोस.”

अर्धं ताट या घराने रस्त्यावरच्या माणसाला कधी दाखवलं नव्हतं. लान-मोईने ते स्वतः उचललं आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, रस्त्याच्या तोंडाला ठेवलं. एकट्या फळाची बाजू वाऱ्याकडे केली. पदर नीट करावा तसं तिने ॲप्रन झटकलं आणि परत येऊन त्याच्या डावीकडे बसली.