वीतभर लाल अक्षरं

मित्रांनो, दवाखान्यात मुलांच्या विभागाकडे जाताना बोळात एक निळं पत्र्याचं कपाट लागतं. एका पायाखाली लाकडाची चकती सारलेलं. ते मीच. वय झालंय माझं, दार उघडलं की कुरकुरतो, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तो थेट एका कचेरीत गेलो. तिथं फायली खाऊन खाऊन पोट सुटलं आणि मग मला अडगळीत टाकलं. इथल्या डॉक्टरबाईंनी मला तिथून सोडवलं. ज्यांच्याकडे जास्तीचं आहे त्यांनी माझ्यात ठेवावं, ज्यांना लागेल त्यांनी न्यावं, असं त्यांच्या मनात होतं. पाट्या रंगवणारे एक पेंटर आले. म्हणाले, "पैसे नकोत, कोपऱ्यात माझी सही तेवढी राहू द्या." डाव्या दारावर त्यांनी लिहिलं 'द्या', उजव्यावर 'घ्या'. वीतभर लाल अक्षरं!

"बोळाच्या त्या टोकावरून वाचता आलं पाहिजे," ते म्हणाले. मी कसला फुगलो होतो तेव्हा!

'द्या'पुढं काय गर्दी व्हायची! एक गृहस्थ स्वेटर ठेवताना तीनदा फोटो काढून घ्यायचे. एका कचेरीतले सगळेच आले, कारण साहेब आले होते. एका आईनं मुलगा बरा होऊन घरी निघाला तेव्हा नवीकोरी उशी ठेवली आणि माझ्या पत्र्याला हात लावून रडली. कुणी नुसतीच माळ्यावरची अडगळ आणून ओतायचं. आणि एक काकू होत्या. त्यांनी गेलेल्या यजमानांचं तपकिरी ब्लँकेट दिलं, पण जीव त्यातच अडकलेला. दर आठवड्याला येऊन त्या ते नाकाशी धरायच्या आणि परत ठेवायच्या. मला सगळे सारखेच. ऊब काही विचारत नाही, कुणी कशासाठी दिलं म्हणून.

'घ्या'पुढं मात्र चिटपाखरू नाही. मला वाटायचं, गरजच नसेल कुणाला.

मग एका दुपारी तेच पेंटर धावत आले. नखांत रंग तसाच. त्यांच्या लेकीचं तातडीनं ऑपरेशन झालं होतं आणि पोर थंडीनं कुडकुडत होती. विभागातली पांघरुणं संपली होती, घर लांब. नर्सताई म्हणाल्या, "बाहेर कपाट आहे ना, घ्या त्यातलं."

ते माझ्यापुढं आले आणि थबकले. बाकड्यांवर माणसं बसली होती. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला. परत विभागात डोकावून आले, परत उभे राहिले. आपणच लिहिलेल्या अक्षरापुढं त्यांचे कान लाल झाले होते. अहो, घ्या की! मी आतल्या आत ओरडत होतो. पण कपाटाचं कोण ऐकतंय!

काकू तिथंच होत्या, ब्लँकेट हातात धरून. त्यांनी पेंटरांकडे पाहिलं, ब्लँकेटकडे पाहिलं.

"अहो, माझं एक काम कराल?" त्या म्हणाल्या. "हे धुवायला झालंय. माझ्यानं पिळवत नाही. घेऊन जा, वापरा, आणि धुवून आणून ठेवा."

"तुमचं काम आहे म्हणता, तर नेतो," पेंटर कसेबसे म्हणाले आणि पळालेच.

पोर बरी झाली. पेंटर ब्लँकेटची नीट घडी घेऊन आले, सोबत रंगाचा डबा. जुनी अक्षरं त्यांनी खरवडून काढली. मग डाव्या दारावर लिहिलं 'देव' आणि उजव्यावर 'घेव'. दोन्ही सारखीच, बेताची. आता उजवं दार उघडं असलं आणि नुसतं 'देव' दिसलं, की काही जण चक्क हात जोडतात!

"सही राहिली की तुमची," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"राहू द्या."

काकूंनी ब्लँकेट नाकाशी धरलं. त्याला परक्या साबणाचा वास येत होता. त्यांचे डोळे भरून आले.

"ह्यांचा वास गेला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याची पुन्हा घडी घातली. "बरं झालं. आता ते कुणाचंही झालं." त्यांनी ते सगळ्यात पुढं, हाताला येईल असं ठेवलं.

मित्रांनो, मला द्याल ते धुऊन द्या, दार हळू लावा. आणि माझ्यापुढं कुणी उभं दिसलं, तर ते ठेवतंय की नेतंय, हे बघायला थांबू नका. पुढं चला.